चार थरांचा सर्किट बोर्ड, ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट, पण काहीच गरम होत नाही. शोधायचं कुठे?

तांबडी_तार

मंडळी, तीन रात्री या एका बोर्डपायी गेल्या. आता पुढे काय करावं सुचत नाही, म्हणून आतापर्यंत जे केलं ते जसंच्या तसं लिहिते. जरा लांबेल.

बोर्ड माझ्याच डिझाइनचा. ९२ बाय ६० मिलिमीटर, चार थर. वर सिग्नल, दुसरा थर ग्राउंड, तिसरा ३.३ व्होल्ट, खाली पुन्हा सिग्नल. एका टोकाला ५ चे ३.३ करणारा बक रेग्युलेटर, मध्ये मायक्रोकंट्रोलर, दोन सेन्सर, आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी-सी कनेक्टर. पाच बोर्ड जोडले. तीन पहिल्या झटक्यात चालू झाले. दोनांवर ३.३ ची रेल, म्हणजे ३.३ व्होल्ट पुरवणारी वाट, ग्राउंडला चिकटलेली.

मीटर ०.४ ओहम दाखवतो. प्रोब एकमेकांना लावले तरी ०.३ दाखवतो, म्हणजे शॉर्ट चांगलाच पक्का आहे. आधी भिंगाखाली सगळे सांधे पाहिले, मायक्रोकंट्रोलरच्या पिना फ्लक्स लावून पुन्हा ओढून घेतल्या. फरक नाही. बकचं इंडक्टर काढलं, तर शॉर्ट लोडच्या बाजूलाच राहिला, रेग्युलेटर सुटला. मग १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर एकेक काढायला लागले. ३८ आहेत. ११ काढून झाले, एका ठिकाणी पॅडच उखडला, आणि तिथे मी थांबले.

कुणीतरी सुचवलं म्हणून बेंच सप्लायमधून १ अँपिअर सोडला आणि बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं, कारण गरम जागेवरून ते आधी उडतं. सगळीकडून सारखंच उडून गेलं. ओळखीतून थर्मल कॅमेरा मिळाला, त्यातही काही नाही. फक्त माझी क्रोकोडाइल क्लिप जिथे पॅडला चावते तिथे जरा उजळ दिसलं.

आता मनात येतं की शॉर्ट आतल्या थरांत असणार. तसं असेल तर बोर्ड टाकून द्यायचा का? खरं सांगायचं तर हे दोन बोर्ड वाचले नाहीत तरी चालेल. मला कारण हवंय. पुढच्या खेपेला पन्नास करायचे आहेत आणि पाचांत दोन गेले, हे कारण न कळता मी फाइल पाठवू शकत नाही.

रात्रपाळी

करंट वाढवून पाहा. १ अँपिअरने काय होणार, ५ सोडा, १० सोडा. जिथे शॉर्ट असेल तिथे काहीतरी दिसेलच. दोन प्लेनच्या, म्हणजे थरभर पसरलेल्या तांब्याच्या पत्र्यांच्या, मध्ये तांब्याचा बारीक धागा राहिला असेल तर तो जळून शॉर्ट आपोआप सुटतो. मी दोनदा असं केलंय, दोन्ही बोर्ड चालू झाले.

शून्य_ओहम

ताई, आधी थांबा. यापुढे एकही कपॅसिटर काढू नका. प्रत्येक काढलेल्या भागाबरोबर बोर्डवर उष्णता जाते, पॅड सैल होतात, आणि खरा दोष जर सांध्यात असेल तर तो हलून दिसेनासा होतो. महिन्याभराने परत येतो तो तोच.

तुमच्या लिहिण्यात उत्तराचा अर्धा भाग आलेला आहे. क्लिप गरम दिसली आणि बाकी काही नाही, हे नुसतं अपयश नाही, ते एक मोजमापच आहे. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. क्लिपच्या चाव्याचा रोध सहज ५० मिलिओहम असतो, १ अँपिअरला तिथे ५० मिलिवॅट निघतात. क्लिप दिसली आणि शॉर्ट दिसला नाही, याचा अर्थ शॉर्टचा रोध क्लिपच्या सांध्याहून बराच कमी आहे. १० मिलिओहम धरा. १ अँपिअरला तिथे १० मिलिवॅट. तेही खाली पसरलेल्या दोन तांब्याच्या प्लेन ताबडतोब पिऊन टाकतात. अल्कोहोल काय, कॅमेरा काय, कुणालाच दिसणार नाही.

बिघडलेला सिरॅमिक कपॅसिटर बहुतेक वेळा असा वागत नाही. वाकवल्यामुळे त्याला टोकाच्या धातूखालून तिरकी चीर जाते, आतले पापुद्रे एकमेकांना टेकतात, आणि रोध अनेकदा अर्धा-एक ओहम राहतो. १ अँपिअरला अर्धा-एक वॅट. तो लगेच सापडतो, अल्कोहोल डोळ्यांदेखत त्याच्या डोक्यावरून सुकतं. तुमचे ११ कपॅसिटर बहुधा निर्दोष होते.

मी सत्तावीस वर्षं दुरुस्तीच्या बाकावर काढली. नव्या मुलांना एकच गोष्ट परत परत सांगत आलो: शॉर्ट कुठे आहे याचा तर्क करू नका, करंट सोडा आणि तो कुठे जातो ते बघा. तांबं हे तुमच्यासाठी मोजपट्टी आहे. साधारण जाडीच्या, म्हणजे ३५ मायक्रॉनच्या तांब्याचा चौरस घेतला तर समोरासमोरच्या कडांमधला रोध अर्धा मिलिओहम येतो. चौरस नखाएवढा असो की तळहाताएवढा, तेवढाच. पाव मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे असे शंभर चौरस ओळीने, ५० मिलिओहम. आतले थर पुष्कळदा १७ मायक्रॉनचे असतात, तिथे दुप्पट धरा. म्हणजे तांब्यातून करंट वाहतो तिथे व्होल्टेज उतरत जातं, आणि वाहत नाही तिथे ते सपाट असतं. हा उतार मिलिव्होल्टमध्ये वाचता येतो.

तेव्हा असं करा.

सप्लायचा आउटपुट बंद ठेवून व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आत लावा, ०.३ ठेवा. करंट लिमिट २ अँपिअर. कमी व्होल्टेज यासाठी की मापन चालू असताना शॉर्ट अचानक सुटला तरी रेलवर ०.३ च जाईल आणि एकही चिप जागी होणार नाही. तारा आधी जोडा, आउटपुट नंतर चालू करा. उलटं केलंत तर सप्लायच्या आउटपुटवरचा भरलेला कपॅसिटर पहिल्या क्षणाला करंट लिमिटला न जुमानता रिकामा होतो.

दोन्ही तारा एकाच जागी द्या, रेग्युलेटरच्या आउटपुट कपॅसिटरच्या दोन पॅडवर. तिथे तारा सोल्डर करा, क्लिप नको. पाचवा अनुभव आला की मग क्लिपने केलं तरी चालेल.

आता मीटर डीसी मिलिव्होल्टवर. ओहमच्या रेंजवर मुळीच नाही. मीटरच्या प्रोबचा रोध इथे आड येत नाही, कारण करंट वेगळ्या तारांतून जातोय आणि मीटर फक्त व्होल्टेज बघतोय. याच कारणाने तुमचा ०.३ आणि ०.४ चा घोळ इथे उरत नाही. मीटर ०.०१ मिलिव्होल्ट वाचणारा असेल तर उत्तम. ०.१ च वाचत असेल तर करंट ३ अँपिअर करा.

आणि मग बोर्डभर फिरा. प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये किती मिलिव्होल्ट आहेत ते बोर्डच्या छापील चित्रावर त्या-त्या जागी लिहा. घाई नको. टोकदार प्रोब घ्या, सांध्यावर घट्ट टेकवा, आकडा स्थिर होऊ द्या. जिथे सर्वांत कमी आकडा, तिथे शॉर्ट सर्वांत जवळ. हा ठोकताळा नव्हे. करंटला रेलवरून ग्राउंडवर उतरायला जर एकच वाट असेल, तर त्या वाटेहून कमी आकडा बोर्डवर दुसरीकडे येऊच शकत नाही.

रात्रपाळी, जाळून शॉर्ट सुटतो हे मी नाकारत नाही. कोऱ्या बोर्डवर एचिंगमध्ये राहिलेला केसासारखा धागा असा जातो. पण ताईंना कारण हवंय, आणि जाळलं की पहिलं जातं ते कारणच. शिवाय १० अँपिअर वाटेत कुठून जाणार हे ठाऊक नसताना सोडले तर शॉर्टच्या आधी एखादा व्हाया, म्हणजे थर जोडणारं तांब्याचं भोक, उडतो. मी एकदा असाच एक बोर्ड गमावला. शॉर्ट जागेवर राहिला आणि त्याच्याकडे नेणारा ट्रॅक जळाला. त्यानंतर तो शॉर्ट मोजण्याची वाटही उरली नाही. त्या बोर्डमागे एक माणूस वाट पाहत होता, म्हणून ते आजही आठवतं.

तांबडी_तार

सर, मनापासून धन्यवाद. क्लिपचा अर्थ असा लागतो हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

केलं. २ अँपिअर, ०.३ व्होल्ट, तारा सी३ वर, म्हणजे रेग्युलेटरच्या आउटपुट कपॅसिटरवर, सोल्डर. माझा मीटर ६० मिलिव्होल्टच्या रेंजवर ०.०१ पर्यंत वाचतो. आकडे मिलिव्होल्टमध्ये:

सी३, जिथे करंट देतेय तिथे: २९.४
सी७, रेग्युलेटरपासून साधारण १२ मिलिमीटर: २४.६
सी१४, क्रिस्टलच्या बाजूला: २३.१
सी२१, मायक्रोकंट्रोलरच्या पोटाशी: २२.०
सी३०, खालचा डावा कोपरा: २२.६
सी३३, यूएसबीच्या अलीकडे: १९.१
सी३४, यूएसबीच्या अगदी शेजारी: १८.३

मधले आणखी चौदा घेतले, सगळे या चढउतारात बसतात. सुरुवातीला आकडे नाचत होते, नंतर लक्षात आलं की मी प्रोब धातूच्या टोकाजवळ बोटांनी धरत होते. वर प्लॅस्टिकला धरल्यावर शांत झाले. आउटपुट बंद करूनही ०.०३ दिसत होतं, ते मी प्रत्येक आकड्यातून वजा केलंय.

पण सी३४ च्या पुढे माझ्याकडे कपॅसिटरच नाही. पुढे कनेक्टर आहे, आणि यूएसबीवर ३.३ जातच नाही, ५ जातं. मग तिथे शॉर्ट कसा?

शून्य_ओहम

सुंदर मोजलंत. तो ०.०३ म्हणजे दोन वेगळे धातू टेकले आणि एक सांधा दुसऱ्यापेक्षा कोमट असला की आपोआप उगवणारं व्होल्टेज. अजून पक्कं हवं असेल तर सप्लायच्या तारांची अदलाबदल करून तीच जागा पुन्हा मोजा आणि दोन आकड्यांच्या फरकाचं अर्ध घ्या, तो भाग पूर्ण कटतो. व्होल्टेज ०.३ च असल्यामुळे आणि रेलवर प्रत्यक्षात फक्त ३० मिलिव्होल्ट असल्यामुळे उलट्या जोडणीने चिपना धोका नाही. पण शॉर्ट नक्की टिकून आहे याची खात्री असेल तरच, एरवी नको.

सी३० बघा. तो कोपऱ्यात आहे, शॉर्टपासून लांब, तरी त्याचा आकडा सी७ पेक्षा कमी. नवखा माणूस इथे गोंधळतो. कोपऱ्याकडे करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून तो वाटेवरच्या मधल्या कुठल्यातरी ठिकाणाचं व्होल्टेज घेऊन बसलाय. तो खाली ओढलेला नाही, नुसता बाजूला उभा आहे.

आता दोन्ही बाजू वेगळ्या करा. मीटरची काळी प्रोब सी३ च्या ग्राउंडच्या पॅडवर कायम ठेवा आणि लाल प्रोबने फक्त ग्राउंडचे बिंदू घ्या. ग्राउंडचं व्होल्टेज शॉर्टकडे जाताना चढत जाईल, कारण करंट तिथून ग्राउंडमध्ये शिरतो आणि सी३ कडे परत येतो. सर्वांत जास्त आकडा कुठे येतो ते सांगा. कनेक्टरचं धातूचं कवचही एक बिंदू म्हणून घ्या. कवच तुमच्याकडे ग्राउंडला जोडलेलं असेल ना?

त्यातून बारीक एक गोष्ट. कवच आणि त्याच्या शेजारचा ग्राउंडचा सांधा यांच्यात थेट मोजा. कवचातून करंट वाहायला काहीच कारण नाही. तिथे शून्याखेरीज काही आलं तर पुढे मला सांगावं लागणार नाही.

ड्रिलबिट_०३

मी कोऱ्या बोर्डच्या तपासणीत काम करतो, जोडणीच्या आधीच्या टप्प्यावर. ताईंचं उत्तर बहुतेक कनेक्टरपाशीच निघेल असं दिसतंय, पण "शॉर्ट आतल्या थरांत असणार" या वाक्यावर थोडं लिहितो. अडलं की सगळे शेवटी तिथेच येऊन थांबतात.

आतल्या थरांत शॉर्ट होतो, खोटं नाही. ड्रिल थोडं सरकलं आणि व्हायाभोवती प्लेनमध्ये सोडलेली मोकळी जागा कमी पडली की व्हायाची भिंत प्लेनला टेकते. एचिंगमध्ये तांब्याचा कण राहतो. काचेच्या धाग्यांच्या कडेने ओलाव्यात तांब्याचे क्षार वाढत जाऊन दोन व्हाया जोडले जातात, त्याला आमच्याकडे सीएएफ म्हणतात. पण सीएएफला ओलावा, व्होल्टेज आणि वेळ तिन्ही लागतात, आणि तो बहुधा ओहममध्ये मोजण्याइतका पक्का नसतो, येतो-जातो. नव्या बोर्डवर पहिल्याच दिवशी काही मिलिओहमचा सीएएफ मी पाहिलेला नाही. कथिलाच्या मिशांचंही तसंच. शुद्ध कथिलाच्या थरातून केसासारखे धागे वाढतात, १९९८ साली गॅलक्सी ४ हा उपग्रह त्यांच्यापायी निकामी झाला असं मानलं जातं. पण त्यांनाही काळ लागतो आणि तो धागा २ अँपिअर क्षणभरही वाहून नेणार नाही.

दुसरं, कोऱ्या बोर्डची विद्युत तपासणी झाली होती का? झाली असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. फ्लाइंग प्रोब यंत्र बोर्डची तुलना नेटलिस्टशी, म्हणजे काय कशाला जोडलेलं असावं त्या यादीशी, करतं. ती नेटलिस्ट बहुतेक वेळा तुम्ही पाठवलेल्या गर्बर फाइलींवरूनच, म्हणजे थरांच्या चित्रांवरूनच, काढलेली असते. चूक फाइलीतच असेल तर बोर्ड शंभर टक्के पास होतो, कारण तो फाइलीसारखाच आहे. म्हणून स्कीमॅटिकमधून काढलेली नेटलिस्ट सोबत पाठवायची. आणि कोरे बोर्ड हातात आले की पहिलं काम, कुठलाही भाग लावण्याआधी, प्रत्येक रेल आणि ग्राउंड मोजायचं. दोन मिनिटं लागतात. ताई, तुमच्याकडे याच खेपेचे कोरे बोर्ड उरले असतील तर ते मोजा. ते स्वच्छ असले तर आतल्या थरांचा विषय बराचसा तिथेच मिटला.

आता ज्यांचा शॉर्ट खरोखर दोन प्लेनच्या मधोमध असतो त्यांच्यासाठी एक पद्धत सांगतो. ती कळली त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.

दोन प्लेन एकाच बिंदूला चिकटल्या आहेत असं समजा. करंट एका प्लेनमधून दुसरीत सोडायचाच नाही. तो फक्त पहिल्या प्लेनमध्ये सोडायचा, डाव्या कडेला आत, उजव्या कडेला बाहेर. दुसरी प्लेन मोकळी. तिच्यातून करंट वाहत नाही, म्हणून ती सगळीच्या सगळी एकाच व्होल्टेजवर असते, आणि ते व्होल्टेज म्हणजे पहिल्या प्लेनचं शॉर्टच्या जागेवरचं व्होल्टेज. मीटरचं एक टोक दुसऱ्या प्लेनला कुठेही लावा. दुसरं टोक पहिल्या प्लेनवर डावीकडून उजवीकडे सरकवत न्या. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे, मध्ये कुठेतरी शून्य. शॉर्ट त्या शून्याच्या उभ्या रेषेवर कुठेतरी आहे. आता करंट वरच्या कडेकडून खालच्या कडेला सोडा आणि पुन्हा शून्य शोधा. आडवी रेषा मिळाली. दोन रेषा छेदतात तिथे शॉर्ट.

आकडे लहान असतात. १७ मायक्रॉनची १०० मिलिमीटर चौरस प्लेन, २ अँपिअर, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत एकूण २ मिलिव्होल्ट. एका मिलिमीटरला २० मायक्रोव्होल्ट. ताईंसारखा ०.०१ वाचणारा मीटर असेल तर दोन-चार मिलिमीटरपर्यंत जागा मिळते, ५ अँपिअर दिले तर आणखी नेमकी. करंट कडेच्या एकाच बिंदूला न देता तीन-चार व्हायांना मिळून द्या, म्हणजे तो सारखा पसरतो आणि रेषा सरळ येते. शॉर्ट एकाहून जास्त असले तर मात्र ही पद्धत फसवते, कारण मग दुसऱ्या प्लेनमधूनही करंट वाहू लागतो. तेव्हा शून्य रेषा विचित्र जागी येते आणि दुसऱ्या प्लेनवर दोन ठिकाणी वेगळे आकडे दिसतात. ते तपासून घ्यायचं.

शून्य_ओहम

ड्रिलबिट, हे तुम्ही फार नेमकं लिहिलंत. आमच्या वेळी बाकावर एचपी ५४७ए नावाचा करंट ट्रेसर होता. पेनाएवढा, टोकाला छोटी कॉइल आणि दिवा. ट्रॅकमध्ये पल्स सोडायचे आणि टोक ट्रॅकवरून सरकवत न्यायचं, करंट जिकडे वळतो तिकडे दिवा उजळत राहायचा, शॉर्ट ओलांडला की विझायचा. दोन थरांच्या बोर्डवर तो हातात असला की दुसरं काही लागत नसे. प्लेन आल्या आणि करंट चहूकडे पसरायला लागला, तिथे तो मंदावला. मिलिव्होल्ट तेवढे टिकले.

तांबडी_तार

सापडला!

आधी कोरे बोर्ड. दोन उरले होते, दोन्हींवर ३.३ आणि ग्राउंड पूर्ण मोकळे. म्हणजे आतले थर निर्दोष.

मग ग्राउंडची बाजू. काळी प्रोब सी३ च्या ग्राउंडवर. सी२१ च्या ग्राउंडला ३.४, सी३३ ला ४.९, सी३४ ला ५.३, कनेक्टरच्या मागच्या उजव्या पायाला ५.८. कवचाच्या पत्र्यावर ६.५! कवच आणि त्याचाच पाय जिथे बोर्डला सोल्डर केलाय तो सांधा, यांच्यात ०.७ मिलिव्होल्ट. सर, तुम्ही म्हणालात तसंच झालं, पुढे कुणाला विचारावं लागलं नाही. करंट कवचातून वाहत होता.

लेआउट उघडला. कवचाच्या बरोबर खाली, मागच्या कडेपासून दीड मिलिमीटर आत, ३.३ चा एक व्हाया आहे. शेजारच्या पुल-अप रेझिस्टरला ३.३ द्यायला मी तो टाकला होता आणि तेव्हा तिथे जागा मोकळी दिसली म्हणून आनंदच झाला होता. त्यावर सोल्डर मास्क, म्हणजे बोर्डवरचा लेप, आहे, म्हणून डिझाइन रूल चेकने काही म्हटलं नाही. तपासणीला तांब्यांमधलं अंतर कळतं. वर बसणाऱ्या कनेक्टरचं पोट धातूचं आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

व्हाया खालच्या बाजूने हाताशी येतो. त्याचा मास्क सुईने जरासा खरवडला आणि तिथून कवचापर्यंत मोजलं. १५.२ मिलिव्होल्ट. २ अँपिअरला म्हणजे ७.६ मिलिओहम. उष्णता ३० मिलिवॅट, आणि ती पसरायला अख्खं कवच. मी १ अँपिअर सोडत होते तेव्हा तर आठच मिलिवॅट निघत असणार. कॅमेऱ्याला काय दिसणार! त्यातून कवच चकचकीत, कॅमेऱ्याला त्याच्यात खोलीचंच प्रतिबिंब दिसत होतं.

कनेक्टर हॉट एअरने उचलला. व्हायाच्या कडेला मास्क चंद्रकोरीसारखा घासलेला, तांबं उघडं, आणि कवचाच्या पोटावर त्याच जागी बारीक चकाकी. दुसऱ्या बोर्डवरही तेच. रेल लगेच मोकळी झाली. पण मी काढलेले ११ कपॅसिटर सगळे तपासले, सगळे चांगले. त्याचं वाईट वाटलं.

आता दोन प्रश्न. हे बोर्ड दुरुस्त कसे करू? व्हाया ड्रिलने उडवून टाकू का? आणि उरलेल्या तीन चालू बोर्डचं काय?

शून्य_ओहम

ड्रिल अजिबात नको. तो व्हाया दोन प्लेनमधून जातोय. ड्रिल फिरलं की तांब्याची कुसं ग्राउंडच्या प्लेनला टेकतील आणि हाच शॉर्ट बोर्डच्या पोटात तयार होईल, तिथे तो काढता येणार नाही. खरवडलेली जागा अल्कोहोलने पुसा, यूव्ही दिव्याखाली वाळणारा सोल्डर मास्क असेल तर त्याचा पातळ हात द्या, वरून पॉलिइमाइडची टेप बोटाच्या नखाएवढी. टेप पायांच्या भोकांपर्यंत जाऊ देऊ नका, नाहीतर कनेक्टर तिरका बसतो. मग कनेक्टर पुन्हा लावा. हे दोन बोर्ड घरच्या चाचण्यांसाठी ठेवा, कुणाला देऊ नका.

पुढच्या लेआउटमध्ये व्हाया हलवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कनेक्टरच्या फुटप्रिंटमध्येच, म्हणजे लेआउटमधल्या त्याच्या साच्यातच, कवचाखाली कीपआउट आखा, ट्रॅक आणि व्हाया दोन्हींना मज्जाव. नुसता या बोर्डवर दुरुस्त केलात तर तोच फुटप्रिंट पुढच्या डिझाइनमध्ये तीच जागा पुन्हा मोकळी दाखवील. धातूचं पोट असलेला प्रत्येक भाग त्याच नजरेने बघून घ्या. क्रिस्टलचा डबा, शिल्डचा पत्रा, बॅटरीचा होल्डर, स्क्रूच्या डोक्याखालची जागा. सोल्डर मास्क म्हणजे इन्सुलेशन नव्हे. तो सोल्डर पसरू नये म्हणून असतो, आणि व्हायाच्या कडेवर तर सर्वांत पातळ असतो.

तीन चालू बोर्डपैकी एकेकाच्या कवचावर अंगठ्याने दाब द्या आणि कवच व ३.३ यांच्यात कंटिन्युइटी बघा. बोर्ड बंद असताना, अर्थात. केबल घालून ती चारी बाजूंना हलकी वाकवूनही बघा.

रात्रपाळी

मी माझे दोन बोर्ड आठवतोय, जे जाळून चालू केले होते. त्यातल्या एकावर धातूचं कवच असलेलाच कनेक्टर होता. तो अजून वापरात आहे. उद्या तो मागवून मिलिव्होल्टने मोजतो.

तांबडी_तार

तिन्ही पाहिले. पहिल्या दोनांवर काही नाही. तिसऱ्यावर केबल घालून जरा वर उचलली की बीप येतो, सोडली की जातो. हा बोर्ड गेले चार दिवस माझ्या टेबलावर व्यवस्थित चालत होता, आणि मी त्याला "चांगला" म्हणून वेगळा ठेवला होता. तिन्हींचे कनेक्टर उद्या काढतेय. फुटप्रिंटमध्ये कीपआउट आत्ताच घातला आणि व्हाया रेझिस्टरच्या पलीकडे नेला.